अपडेट अडले कुठे?

सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनची बॅटरी पेट घेते, हे २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत जगजाहीर झाले होते. अमेरिकेत आधी सुमारे दहा लाख फोन परत मागवले गेले. बदलून दिलेले फोनही पेटू लागले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो आकडा एकोणीस लाखांवर गेला आणि विमानात हा फोन न्यायला बंदी आली. तरीही काही ग्राहक फोन सोडायला तयार नव्हते. शेवटी ९ डिसेंबरला सॅमसंगने जाहीर केले, की १९ तारखेपासून असे अपडेट पाठवू, ज्यानंतर हा फोन चार्जच होणार नाही.

त्याच दिवशी व्हेरायझन या तिथल्या बड्या टेलिकॉम कंपनीने सांगून टाकले, की आम्ही हे अपडेट पाठवणार नाही. नाताळच्या प्रवासाच्या दिवसांत ज्याच्याकडे दुसरा फोन नाही त्याचा फोन बंद पाडला, तर अडीअडचणीला त्याने कोणाला हाक मारायची, असा तिचा सवाल होता. टी-मोबाइलने अपडेटसाठी २७ डिसेंबर ही तारीख धरली, एटी अँड टीने ५ जानेवारी, स्प्रिंटने ८ जानेवारी. व्हेरायझनही अखेर ५ जानेवारीला राजी झाली.

व्हेरायझनचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पण फोन बनवला सॅमसंगने, उपाय तयार केला सॅमसंगने, आणि तो कोणाच्या खिशातल्या फोनवर कधी पोहोचणार हे ठरवले सिमकार्ड देणाऱ्या कंपनीने. पेटणाऱ्या फोनची ही तऱ्हा, तर दर महिन्याच्या साध्या सुरक्षा अपडेटला कोण विचारतो!

हा गुंता अमेरिकेत वाढला, कारण तिथे फोन बहुतेक वेळा टेलिकॉम कंपनीच्याच दुकानातून, तिच्या कराराला बांधून विकला जाई. ज्याचा ग्राहक, त्याचा फोन. २०१० मध्ये सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी एस तिथे आला तो चार बड्या कंपन्यांकडे चार नावांनी: एटी अँड टीकडे कॅप्टिव्हेट, टी-मोबाइलकडे व्हायब्रंट, व्हेरायझनकडे फॅसिनेट आणि स्प्रिंटकडे एपिक ४जी. गूगलने अँड्रॉइड २.२ मे २०१० मध्ये जाहीर केले. ते व्हायब्रंटला पोहोचले जानेवारी २०११ मध्ये, तर फॅसिनेटला एप्रिलमध्ये. एकाच पिढीचे हे फोन, पण एका ग्राहकाने दुसऱ्यापेक्षा तीन महिने जास्त वाट पाहिली आणि त्याचे कारण त्याला कोणी सांगितले नाही. दोन वर्षांनी गॅलेक्सी एस ३ सगळीकडे एकाच नावाने आला खरा, पण आत मॉडेल क्रमांक निराळे आणि सॉफ्टवेअरही निराळे राहिले. नाव एक केल्याने गोंधळ वाढलाच. आधी निदान नावावरून तरी फोन वेगळा आहे हे कळत होते.

फोन गूगलचा असला तरी सुटका नव्हती. गॅलेक्सी नेक्सस हा फोन गूगलने, थेट आपल्याकडून अपडेट मिळेल म्हणून गाजवला होता. २०१२ च्या जूनमध्ये अँड्रॉइड ४.१ जाहीर झाले, जुलैमध्ये ते जीएसएम नेटवर्कच्या नेक्ससवर आले. व्हेरायझनच्या नेक्ससला मात्र सप्टेंबर उजाडला. याच्या वर्षभर आधी, म्हणजे मे २०११ मध्ये, गूगलने टेलिकॉम आणि हँडसेट कंपन्यांना एका व्यासपीठावर आणून नव्या फोनना अठरा महिने अपडेट देण्याचे आश्वासन मिळवले होते. घोषणा टाळ्यांच्या गजरात झाली आणि पुढे तिचे नावही कोणी काढले नाही.

अॅपल यातून सुटली, असे आयफोनवाले अभिमानाने सांगतात. बऱ्याच अंशी ते खरेही आहे. पहिल्या आयफोनपासून अपडेटचा नळ अॅपलने स्वतःच्याच हातात ठेवला. पण फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझनच्या सीडीएमए या वेगळ्या नेटवर्क पद्धतीवर चालणारा आयफोन ४ आला, तेव्हा त्याच्यासाठी वेगळी शाखा काढावी लागली. जीएसएम आयफोन ४ ला मार्चमध्ये आयओएस ४.३ मिळाले, हा बिचारा ४.२ वरच राहिला आणि ऑक्टोबरमध्ये एकदम ५ वर उडी मारून बाकीच्यांच्या पंगतीला बसला.

अपडेटच्या वाटेत टेलिकॉम कंपनी नेमके करते काय? गूगल नवी आवृत्ती काढते. चिप बनवणारी कंपनी ती आपल्या चिपशी जुळवते, हँडसेट कंपनी त्यावर आपला साज चढवते. मग तो फोन टेलिकॉम कंपनीच्या चाचणीला जातो. कॉल मधेच तुटतो का, व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरून कॉल, चालते का, वाय-फायवरून कॉल लागतो का, आणीबाणीचा क्रमांक लागतो का, हे सगळे तिथे तपासले जाते. दोष सापडला, की फाइल माघारी. सगळे पार पडले तरी अपडेट एकदम सगळ्यांना न सोडता टप्प्याटप्प्याने सोडतात. कंपनीच्या बाजूने हे शहाणपणाचे आहे, पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला अपडेट आले आणि आपल्याला नाही, या कोड्यात त्याने आणखी एक भर पडते.

सॅमसंगच्या फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सॉफ्टवेअर इन्फर्मेशन उघडले, की सर्व्हिस प्रोव्हायडर सॉफ्टवेअर व्हर्जन अशी एक ओळ दिसते. तिच्या शेवटी तिरप्या रेघांनी तोडलेली तीन-तीन अक्षरे असतात. भारतात विकलेल्या फोनवर बहुधा आयएनएस. अमेरिकेत व्हेरायझनसाठी व्हीझेडडब्ल्यू, एटी अँड टीसाठी एटीटी, कोणत्याच कंपनीला न बांधलेल्या फोनसाठी एक्सएए. या फोनला कोणती फाइल द्यायची आणि कधी, हे या अक्षरांवरून ठरते. पण फोन घेताना दुकानात ती कोणी दाखवत नाही. आणि न बांधलेला फोन घेतला म्हणजे अपडेट आधी मिळेल, हाही भरवसा नाही. गॅलेक्सी एस ७ च्या वेळी अमेरिकेत उलटेच घडले. २०१७ मध्ये अँड्रॉइड नूगट आधी टेलिकॉम कंपन्यांच्या फोनवर आले आणि पूर्ण पैसे मोजून मोकळा फोन घेणाऱ्यांना मागाहून मिळाले.

ग्राहकाला खरा चकवा देते ती दुसरीच ओळ. अपडेट तपासा म्हटले, की फोन उत्तर देतो: तुमचे सॉफ्टवेअर अद्ययावत आहे. शेजारी सुरक्षा पॅचची तारीख असते तीन महिन्यांपूर्वीची. या उत्तराचा अर्थ एवढाच, की तुमच्या त्या तीन अक्षरांसाठी सर्व्हरवर आज काही ठेवलेले नाही. रेशन दुकानदार ‘माल आला नाही’ म्हणतो, तेव्हा गोदाम रिकामे आहे असे तो म्हणत नसतो. फोन मात्र गोदामाच्या वतीने बोलतो. कॉल सेंटरला विचारावे, तर हँडसेट कंपनी नेटवर्क कंपनीकडे बोट दाखवते आणि नेटवर्क कंपनी हँडसेट कंपनीकडे.

चाचण्याच नकोत, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. २०२१ च्या अखेरीस गूगलच्या एका पिक्सेल फोनवरून अमेरिकेतला आणीबाणीचा ९११ क्रमांक लागेना. मायक्रोसॉफ्ट टीम्स हे अॅप आणि अँड्रॉइड यांच्यातल्या दोषाने तसे झाले, हे गूगलने मान्य केले. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात याहून गंभीर बाब पुढे आली. तिथले ३जी बंद झाल्यावर सॅमसंगचे काही जुने फोन, केवळ व्होडाफोनचे नेटवर्क उपलब्ध असेल अशा वेळी, ट्रिपल झिरो हा आणीबाणीचा क्रमांक लावू शकत नव्हते. काहींना अपडेट पुरेसे होते, काही बदलण्यावाचून इलाज नव्हता. तेव्हा नेटवर्कनिहाय तपासणी हवीच. प्रश्न आहे तो ती बंद दाराआड होण्याचा. फाइल कोणाकडे आहे, किती दिवस आहे, का अडली आहे, हे ज्याचा फोन आहे त्यालाच कळत नाही.

भारतात टेलिकॉम कंपन्या फोन विकत नाहीत म्हटले तरी चालेल, त्यामुळे इथे अपडेट बहुधा थेट हँडसेट कंपनीकडून येते. म्हणून आपण सुटलो, असे मात्र नाही. जिओ २०१६ मध्ये व्हीओएलटीई घेऊन आली. एअरटेलने सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईपासून आपली व्हीओएलटीई सेवा सुरू केली. जिओवर व्हीओएलटीई कॉल करणारा फोन एअरटेलवरही तसा करेलच असे नव्हते. त्या नेटवर्कसाठी वेगळे अपडेट लागत असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झाले. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि नागपूर होते. फोनच्या खोक्यावर ५जी छापलेले, शहरात ५जी आलेले, तरी आयफोन १२, १३, १४ वाल्यांना डिसेंबरमधल्या आयओएस १६.२ पर्यंत थांबावे लागले. जिओचे ५जी स्वतंत्र यंत्रणेवर आणि एअरटेलचे ४जीच्या आधारावर, त्यामुळे एका सिमवर चालणारी सोय दुसऱ्या सिमवर नाही, हाही अनुभव आला.

न्यू जर्सीहून मावसभावाने प्रेमाने आणलेल्या फोनची गत तर याहून अवघड. बिलावर अनलॉक्ड लिहिलेले असते, म्हणजे सिम चालेल. पण त्यातले सॉफ्टवेअर अमेरिकी असते. इथल्या कंपनीचे व्हीओएलटीई त्यात नसले, तर २जी-३जी नसलेल्या जिओच्या सिमवर इंटरनेट चालते आणि साधा कॉल लागत नाही.

कायदे अलीकडे जागे होऊ लागले आहेत. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट या त्रुटीने कोट्यवधी अँड्रॉइड फोन धोक्यात आले. त्यानंतर, मे २०१६ मध्ये, अमेरिकेतल्या दोन नियामक संस्थांनी सहा टेलिकॉम आणि आठ हँडसेट व सॉफ्टवेअर कंपन्यांना सुरक्षा अपडेटबद्दल जाब विचारला. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याचे बंधन घातले; गूगल आणि सॅमसंग आपल्या महागड्या फोनना सात वर्षांचा वायदा करतात. हे स्वागतार्हच. पण अपडेट किती वर्षे मिळेल याचे उत्तर मिळाले, तरी या महिन्याचे कुठे अडले आहे, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. अपडेटच्या पडद्यावर चार गोष्टी दिसाव्यात: गूगलची आवृत्ती कधी निघाली, हँडसेट कंपनीने ती कधी तयार केली, तुमच्या नेटवर्कच्या चाचणीला कधी दिली, आणि आज ती कोणाकडे आहे. कंपन्यांपाशी या तारखा असतातच. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जीचे अपडेट रखडले, तेव्हा केंद्र सरकारने हँडसेट आणि टेलिकॉम कंपन्यांना एकत्र बोलावून घाई करायला सांगितले होते. ५जीमध्ये सगळ्यांचाच धंदा होता, म्हणून खुर्च्या लगेच भरल्या. सुरक्षा अपडेटने कोणाचा रिचार्ज वाढत नाही. तेव्हा त्यासाठी बोलावणे सरकारनेच धाडायला हवे, आणि विषयपत्रिकेवर या चार गोष्टी असल्या तरी पुरे.