सदसद्विवेकाचे न्यायालय

इंग्लंडचा इतिहास शिकविताना आपण राजे, लढाया आणि पार्लमेंट यांपाशीच थांबतो. माझ्या मते विद्यार्थ्यांना त्याआधी चॅन्सरी न्यायालयाची ओळख करून द्यावयास हवी.

सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये एखाद्याने शिक्कामोर्तब केलेला कर्जरोखा लिहून दिला, पुढे सारी रक्कम फेडली, परंतु रोखा रद्द करून घ्यावयाचा राहिला, तर धनको तोच रोखा घेऊन कॉमन लॉच्या न्यायालयात जाई आणि दुसऱ्यांदा वसुली करी. फेड झाल्याचे तोंडी सांगणे तेथे चालत नसे. सावकाराच्या वहीखाली ज्यांचे आजे-पणजे दबले, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी ऋणको लॉर्ड चॅन्सेलरकडे अर्ज करी. चॅन्सेलर हा राजाच्या सदसद्विवेकाचा राखणदार मानला जाई. तो कायदा रद्द करीत नसे. धनकोला बोलावून शपथेवर विचारी आणि दावा पुढे चालविण्यास त्याला मनाई हुकूम देई. हुकूम मोडला तर तुरुंग. ख्रिस्तोफर सेंट जर्मन या कायदेपंडिताने आपल्या संवादग्रंथात याची तात्त्विक बाजू मांडली. कायदा सर्वसामान्य शब्दांत बोलतो, प्रत्येक प्रसंग त्याला आधी दिसत नाही. म्हणून शब्द पाळल्याने अन्याय होईल तेथे अपवाद करणे हे कायद्याच्याच हेतूला धरून आहे. हाच समन्याय.

सर थॉमस मोर १५२९ मध्ये चॅन्सेलर झाले. त्यांच्या मनाई हुकमांबद्दल न्यायाधीश कुरकुरू लागले, तेव्हा मोर यांनी त्यांना जेवावयास बोलाविले, एकेका हुकमाचे कारण दाखविले आणि म्हटले की, कायद्याची कठोरता तुम्हीच आपल्या विवेकाने सौम्य करा, म्हणजे मला हुकूम काढावे लागणार नाहीत. न्यायाधीशांनी नकार दिला. ज्यूरीच्या निकालाआड उभे राहिले की आपल्यावर दोष येत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते, असे मोर आपल्या जावयाला म्हणाले. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. जबाबदारी टाळणाऱ्या विद्वानांची ही जात कोणत्याही एका देशाची नाही.

पुढे सरन्यायाधीश कोक आणि चॅन्सेलर एल्समियर यांच्यात उघड संघर्ष झाला. १६१६ मध्ये जेम्स राजाने चॅन्सरीच्या बाजूने कौल दिला. परंतु विवेक कोणाचा? जॉन सेल्डन या विद्वानाने थट्टा केली, की चॅन्सेलरच्या पावलाला लांबीचे माप मानले तर चॅन्सेलर बदलताच माप बदलेल. थट्टा खोटी नव्हती. बेकनसारखा तत्त्वज्ञ चॅन्सेलर १६२१ मध्ये लाच घेतल्याच्या आरोपाखाली पदच्युत झाला. (हा बेकन ग्रेज इनचा, बाबासाहेबही तेथूनच बॅरिस्टर झाले.) त्याच शतकात लॉर्ड नॉटिंगहॅम यांनी स्पष्ट केले की, चॅन्सेलरचा विवेक त्याचा खाजगी नसून नियमांनी बांधलेला असला पाहिजे. मला हे पटते. मालकाच्या दयेवर जगलेल्या माणसाला सज्जन मालकाचाही भरवसा वाटत नाही.

मात्र समन्याय म्हणजे समता असे कोणी समजू नये. हेच चॅन्सरी पुढे वेस्ट इंडीजमधील मळ्यांचे व्यवहार त्यांवरील गुलामांसकट सांभाळीत होते.

ही परंपरा आपल्याकडेही आली. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने दाव्यांसाठी क्रम ठरविला: आधी कायदा, मग देशाची रूढी, मग प्रतिवादीचा कायदा आणि यांपैकी काहीच नसेल तर न्याय, समन्याय व सदसद्विवेक. इंग्लंडमध्ये कायद्यालाही अडविणारा विवेक येथे रूढीच्या मागे, रांगेत शेवटी उभा राहिला.

मग महाड. चॅन्सरीने घडविलेले मनाई हुकमाचे हत्यार डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध वापरले गेले, तेही लोकांना पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी. बाबासाहेबांनी कायद्याचा मान राखून सत्याग्रह स्थगित केला. खटला दहा वर्षे चालला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले, कारण अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासूनची असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही.

ते सिद्ध झाले असते तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न महाडचा धडा आला की मी दरवर्षी वर्गात विचारतो.