कांदा-बटाट्याच्या पेठेत बर्गरचा शोध

चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी दूरवर ओळखला जातो. आसपासच्या तालुक्यांतील माल येथील आवारात उतरतो, आणि आंबेगावच्या सातगाव पठारावरील बटाटा तर वेफरच्या कारखान्यांपर्यंत पोहोचतो. अशा परिसरात राहून कांदा, लसूण आणि बटाटा यांपैकी काहीही नसलेला बर्गर शोधणे हा उद्योग विचित्रच म्हणावा लागेल. तरीही पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यातील अनेक जैन घरांत तो नित्य चालू असतो. मुलगा-सून कारखान्यात नोकरीला, नातू इंग्रजी शाळेत, आणि त्याच्या वर्गमित्राचा वाढदिवस बर्गरच्या दुकानात. नातवाने तेथे नुसते पाणी पिऊन परतावे, असे कोणत्याही आजीला वाटत नाही. त्याने घरचा नियम दाराबाहेर ठेवून जावे, असेही वाटत नाही.

पुण्यात उत्तम बर्गर कोठे, असे विचारले की जुनी मंडळी कॅम्पातील ईस्ट स्ट्रीटकडे बोट दाखवतात. तेथे १९९२ पासून चालणाऱ्या इराणी दांपत्याच्या ‘बर्गर किंग’वर अमेरिकेतील त्याच नावाच्या कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. पुण्याच्या न्यायालयाने तो २०२४ मध्ये फेटाळला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पाटीवरील नावासाठी तेरा वर्षे खटला चालला. पावाच्या आत काय आहे, हे मात्र गिऱ्हाइकाने स्वतःच विचारायचे असते.

या प्रश्नाचे महत्त्व साऱ्या जगाला २००१ मध्ये कळले. मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत १९९० मध्ये बटाट्याच्या काड्या वनस्पती तेलात तळत असल्याचे जाहीर केले होते. तेल वनस्पतीचेच होते. पण काड्यांना गोमांसाचा स्वाद आधीच लावलेला असे. तेथील हिंदू शाकाहाऱ्यांनी दावा लावला आणि २००२ मध्ये कंपनीने क्षमा मागून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. भारतात तसा स्वाद वापरला जात नसल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले. १९९६ मध्ये येथे येतानाच तिने गोमांस व डुकराचे मांस वगळले होते आणि शाकाहारी पदार्थांचे स्वयंपाकघर वेगळे ठेवले होते. शिवाय बर्गरचे बरेचसे साहित्य आपल्याच भागातून उभे राहिले: बारामतीचे चीज, तळेगावकडील शेतांतील लेट्यूस, तळोज्याच्या कारखान्यातील टिक्की. पुणे जिल्ह्याचा शेतकरी या धंद्यात असा पहिल्यापासून भागीदार आहे.

त्याच २००१ साली आपल्याकडे पाकिटावरील हिरव्या ठिपक्याचा नियम आला. या ठिपक्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. मांस, मासे, अंडे नाही, एवढेच तो सांगतो. कांदा, लसूण, बटाटा, मध हे सारे त्याच्या दृष्टीने शाकाहारी. एखाद्या घटकाचा उगमही पूर्वी स्पष्ट नसे. मसाल्यांत चवीसाठी घातला जाणारा ६३१ क्रमांकाचा पदार्थ प्राण्यांपासूनही होतो आणि वनस्पतीपासूनही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये असा प्रत्येक घटक, त्याचे प्रमाण कितीही अल्प असो, कोणत्या स्रोतातून आला हे सांगण्याचा आदेश दिला. दहा किंवा अधिक ठिकाणी दुकाने असलेल्या साखळ्यांना आता गहू, दूध, सोयाबीन यांसारख्या अॅलर्जीकारक घटकांची माहितीही द्यावी लागते. कांदा त्या यादीत नाही.

म्हणून काउंटरवर ‘जैन मिळेल का?’ एवढेच विचारून भागत नाही. उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते, आणि मग पावातील कांद्याची चकती तेवढी काढली जाते. टिक्कीतील बटाटा तसाच राहतो, सॉसमधील लसणाची भुकटीही. यात त्या मुलाचा दोष नाही. साखळी-दुकानात टिक्की कारखान्यातून गोठवून येते. तिच्यात बदल करणे त्याच्या हातात नसते. या कारणाने मोठ्या झगमगीत दुकानापेक्षा निगडी, चिंचवड किंवा भोसरीतील एखादे छोटे दुकान, जेथे मालक स्वतः मागच्या खोलीत टिक्की थापतो, तेथे हा शोध फळण्याची शक्यता अधिक. टिक्की कशाची, सॉसमध्ये काय, कढई कोणासाठी, आणि बन चकाकण्यासाठी वरून अंडे लावले आहे का, हे चार प्रश्न तेथे संकोच न करता विचारता येतात. आदल्या दिवशी सांगितले तर कच्च्या केळ्याची टिक्की करून देणारेही भेटतात.

कच्चे केळे या कामी बटाट्याला हार जात नाही. उकडून, गार करून कुस्करावे. गरम असताना कुस्करले तर ते चिकट होते. मटार, मका, थोडे पनीर, आल्याऐवजी सुंठ, लसणाऐवजी हिंग, आणि बांधणीसाठी भिजवलेले पोहे. पोह्यांमुळे टिक्की तव्यावर फुटत नाही. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असलेल्यांनी लेट्यूसऐवजी टोमॅटो घ्यावा, काकडीही चालते. यीस्टमुळे पावच न खाणाऱ्या घरांत हीच टिक्की गरम भाकरीत गुंडाळून दिली, तर मुले तिलाही बर्गरच म्हणतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. चौविहार पाळणाऱ्यांना मॉलमधील रात्रीची गर्दी उपयोगाची नाही. डिसेंबरात येथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कारखान्यांची पहिली पाळी दुपारी तीन-साडेतीनला सुटते. चारच्या सुमारास दुकाने रिकामी असतात, कढईतले तेल ताजे असते, आणि मालकाला चार प्रश्नांची उत्तरे द्यायला सवडही असते.