आपल्या बुटांस पॉलिश कोणीं करावें ?

दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं आमच्या वर्गाच्या बुटांची तपासणी झाली. बहुतेक बूट लखलखीत होते व आम्हांस मोठा संतोष वाटला. पुढें सहज चौकशी करतां असें कळलें कीं, त्यांतील पुष्कळ बुटांना पहाटे डबा करण्यापूर्वीं मुलांच्या मातोश्रींनीं पॉलिश केलें होतें. कांहींना घरच्या गड्यानें, आणि एका जोडास तर तिसरींत शिकणाऱ्या धाकट्या बहिणीनें! आमचा संतोष तेथेंच ओसरला. शाबासकी दिली एकास, आणि हात काळे झाले होते दुसऱ्याचे.

आमचें मत असें कीं, हें काम ज्याचें त्यानेंच करावें. तें अवघड नाहीं. मात्र त्यास धीर लागतो. पुष्कळ पॉलिश फांसल्यानें पुष्कळ चकाकी येते, हा समज चुकीचा आहे. चामड्याचा पृष्ठभाग बारीक खांचखळग्यांचा असल्यामुळें त्यावर पडलेला प्रकाश चोहोंकडे विखुरतो. डबींतील पॉलिश म्हणजे टर्पेंटाईनसारख्या द्रवांत कालविलेलें मेण व रंगासाठीं काजळी. हें मेण मधमाशांचें असतें, किंवा ब्राझील देशांतील कार्नौबा नांवाच्या ताडाच्या पानांवरचें. द्रव उडून जातो, मेण खळग्यांत बसतें, पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश आरशावरून परतावा तसा परततो.

म्हणून प्रथम नाडी काढावी (नाडीखालची जीभ वर्षभर धुळींत राहिलेले बूट आम्हीं कितीतरी पाहिले आहेत !), धूळ व चिखल पुसावा, पॉलिशचा अगदीं पातळ थर द्यावा, दहा मिनिटें वाळूं द्यावा व मग ब्रश मारावा. सैनिक लोक बुटाच्या पुढील टणक भागावर याहून अधिक श्रम घेतात. बोटास मऊ फडकें गुंडाळून, पाण्याचा एकेक थेंब घेऊन, लहान लहान वर्तुळें काढीत ते थरावर थर चढवितात. पाण्यामुळें फडकें मेणास चिकटत नाहीं. पहिल्या दिवशीं अर्धा तास घासूनही नुसता धुरकटपणा दिसेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं त्यांत खिडकी दिसूं लागेल. परंतु पाऊल जेथें वांकतें तेथें असे थर देऊं नयेत, ते लागलीच तडकतात. स्पंज लावलेल्या बाटलींतील पातळ पॉलिशनें क्षणांत चमक येते खरी. तीवर आमचा फारसा लोभ नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे. या कामाची आपल्या लोकांस लाज वाटते. चामड्यास हात लावणाऱ्यांस आपण शतकानुशतकें गांवाबाहेर ठेविलें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. तरी 'जोडे उचलणें' हे शब्द आपण अजून हिणविण्यासाठींच वापरतों. महात्मा गांधी बॅरिस्टर असूनही दक्षिण आफ्रिकेंत चपला शिवावयास शिकले. ही विद्या त्यांचे मित्र कालेनबाख यांनीं मॅरिअनहिल येथील ट्रॅपिस्ट मठांतून शिकून आणिली होती. गांधींनीं केलेला एक जोड जनरल स्मट्स यांस मिळाला. स्मट्स यांनीं तो कैक उन्हाळे पायांत घातला व १९३९ सालीं गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त परत पाठविला. तेव्हां आपल्या स्वतःच्या बुटास हात लावण्यांत कोणता कमीपणा ?

पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाचे बूट एक-दोन दिवस मळके राहिले तरी राहूं द्यावे. आपण हात लावूं नये.

शिक्षकांसही एक गोष्ट सांगावयाची आहे, व ती आमच्याच चुकीची आहे. एकदां धुळकट बुटांबद्दल आम्हीं एका मुलास रांगेबाहेर उभें केलें. तो कांहीं बोलला नाहीं. मागाहून कळलें कीं, तो चार किलोमीटर मातीच्या रस्त्यानें चालत येतो. घरून निघतांना त्याचे बूट कदाचित् वर्गांत सर्वांत स्वच्छ असतील. आम्हीं त्याची क्षमा मागितली. तेव्हांपासून वर्गाच्या दाराआड एक ब्रश, एक फडकें व एक डबी ठेविली आहे. कोणीही यावें आणि घंटा होण्यापूर्वीं बूट पुसून घ्यावे. डबीचें झांकण मात्र घट्ट लावावें, नाहींतर आंतलें पॉलिश वाळून जातें.