एकच हात, पण वर्ग चार

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग अलगद धरा आणि उजव्या हाताची बोटे एकेक करून मिटा, उघडा. बोट हलते पुढे, पण मांस थरथरते मागे, कोपराजवळ. याचे कारण साधे आहे. बोटे मिटवणारे स्नायू बोटात नसतातच. त्यातले मोठे कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात, काही छोटे तळहातात असतात. बोटापर्यंत पोहोचतात त्या त्यांच्या दोऱ्या. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. अंगठा सोडून प्रत्येक बोट मिटवायला अशा दोन कंडरा असतात आणि त्या दोन्ही तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत एका अरुंद बोगद्यातून, एकमेकींना लागून जातात. सायकलच्या ब्रेकची तार कव्हरमधून सरकते, तसे हे काम. तार तुटली तर जोडता येते. पण जोडलेली जागा कव्हरला धरून बसली तर ब्रेक लागत नाही.

भोसरी, तळवडे, चाकण या भागांत ज्यांची रोजीरोटी प्रेस मशीनवर, शिअरिंगवर, ग्राइंडरवर आहे, त्यांच्यासाठी ही माहिती पुस्तकी नाही. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अपघातांवर 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यांची सुरुवात हरियाणातल्या कारखान्यांपासून झाली. पण पॉवर प्रेसखाली बोटे जातात कशी, याचे त्यातले वर्णन वाचताना आपल्याकडचाच एखादा शेड डोळ्यांसमोर येतो.

मराठवाड्यातून आलेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा एक कामगार काही काळापूर्वी माझ्याकडे आला होता. पत्र्याच्या धारेने त्याच्या उजव्या तर्जनीच्या दोन्ही कंडरा तुटल्या होत्या. शस्त्रक्रिया वेळेवर झाली होती आणि शिवण उत्तम होती. जखम भरून आली होती. पण बोट मिटत नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले, की घरी सोडताना वॉर्डात त्याला बजावून सांगितले होते, 'टाके तुटतील, महिनाभर हात अजिबात हलवू नका.' त्याने आज्ञाधारकपणे हात हलवला नाही. फिजिओथेरपीची चिठ्ठी फाइलमध्ये होती, पण ती घेऊन तो पाचव्या आठवड्यात गेला. तोवर कंडरा बोगद्याला चिकटून बसली होती.

यात दोष कोणाचा? सर्जनने चोख काम केले. परिचारिकेने काळजीपोटीच सांगितले. ताजी जखम हलवू नये हे तिला शिकवलेले होते आणि बहुतेक जखमांना ते लागूही पडते. फिजिओथेरपिस्टने पाचव्या आठवड्यात जे करता येते ते केले. चूक त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत झाली. अमेरिकन शल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल याने बोटाच्या या बोगद्याला 'नो मॅन्स लँड' म्हणजे कोणाचीही सत्ता नसलेली जमीन असे नाव दिले होते, कारण तिथे ताबडतोब जोडकाम केले तर ते हमखास चिकटते असा त्या काळचा अनुभव होता. १९६० च्या दशकात हॅरॉल्ड क्लाइनर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की कंडरा लगेच जोडून, पट्टीच्या आधाराने, ठरावीक मर्यादेत ती पहिल्या काही दिवसांपासूनच सरकती ठेवली तर बोट वाचते. आज जगभर याच तत्त्वावर उपचार होतात. लहान मूल असेल किंवा हाडाला, रक्तवाहिनीलाही इजा असेल तर बेत बदलतो. एरवी पहिला आठवडा फार मोलाचा असतो. आणि त्या आठवड्यात रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ असते ती परिचारिका.

आता तिला काय शिकवले जाते ते पाहा. १९९७ च्या नियमावलीत एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला शरीररचनाशास्त्रासाठी ६५० तास दिले होते. आजही आकडा त्याच घरात आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात या विषयाला ६० तास आहेत. तास कमी असणे मला खटकत नाही, कारण परिचारिकेला डॉक्टरएवढ्या नसा-धमन्या पाठ करायच्या नाहीत. खटकते ते असे, की एकाच हाताची रचना एक विद्यार्थी मृतदेहाच्या टेबलापाशी उभा राहून शिकतो आणि दुसरी प्रामुख्याने तक्ते व प्लास्टिकचे सांगाडे पाहून. बोगदा, त्यातली सरकती कंडरा हे एकदा बोटाने ओढून पाहिले की जन्मभर विसरत नाही. तक्त्यावर कंडरा सरकत नाही.

फिजिओथेरपीचा विद्यार्थी तिसऱ्या वर्गात हाच हात शिकतो. आणि चौथा वर्ग आयुर्वेदाचा. आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आणि तिच्यात बसलेले डॉक्टर पुष्कळदा बी.ए.एम.एस. असतात. म्हणजे चाकणच्या एखाद्या शेडमध्ये हात अडकला, तर पहिला वैद्यकीय हात लागतो तो 'रचना शारीर' शिकलेल्या माणसाचा. या विषयाला आपल्याकडे फार जुनी बैठक आहे. मृतदेह गवतात गुंडाळून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग एकेक थर सोलून पाहावा, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीच 'अष्टांगहृदय' टीकांसह संपादून १८८० साली प्रसिद्ध केले. एका माणसाच्या डोक्यात दोन्ही शास्त्रे सुखाने नांदत होती. आज ती एका आवारात असली तरी वेगवेगळ्या इमारतींत नांदतात. असो.

वेगवेगळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकणे याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ मध्ये यावर अहवाल काढला आणि २०१० मध्ये कृतीचा आराखडा दिला. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात १९८६ पासून हे चालू आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यक, नर्सिंग, सुईणशास्त्र, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी अशा विद्यार्थ्यांना एकाच टेबलावर शवविच्छेदनाला उभे केले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांचे एकमेकांच्या कामाविषयीचे आकलन आणि आदर वाढल्याचे दिसले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलांना एकत्र शिकणे आवडते, हे सिद्ध करणे सोपे आहे. प्रश्नावली भरून घेतली की झाले. त्याने रुग्णाला फायदा होतो का, हा खरा प्रश्न. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात कसोटीला उतरणारे फक्त १५ अभ्यास सापडले. त्यांतल्या सातांत फायदा दिसला, चारांत संमिश्र निकाल आला आणि चारांत काहीच फरक आढळला नाही. एवढ्या पुराव्यावर कोणी अभ्यासक्रम उलथापालथा करा म्हणत असेल, तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही. माझी मागणी फार लहान आहे आणि आपल्या भागापुरती आहे.

पिंपरीत संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. त्याच संत तुकारामनगरात १९९६ साली सुरू झालेले डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच संस्थेची दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद, होमिओपॅथी ही महाविद्यालयेही पिंपरीतच आहेत. तळेगाव दाभाड्याला १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही फिजिओथेरपी आहे. चिंचवडला मोहननगरात कामगार विमा रुग्णालय आहे. वीसेक किलोमीटरच्या टापूत एवढी साधने देशात फार थोड्या औद्योगिक भागांना लाभली असतील. मग वर्षातून दोन दिवस, विषय एकच, 'हात', आणि टेबलाभोवती चारही शाखांची मुले, एवढे जमायला काय हरकत आहे? आधी विच्छेदन करून ठेवलेला एक हात पुरतो. वैद्यकीय विद्यार्थ्याने बोगदा दाखवावा, फिजिओच्या विद्यार्थ्याने पट्टी कोणत्या कोनात बांधायची ते दाखवावे आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीने सांगावे की घरी जाणारा रुग्ण नेमके काय विचारतो. हा तिसरा भाग मुद्दाम ठेवावा. नाहीतर एकत्र शिकण्याच्या नावाखाली डॉक्टर बोलणार आणि बाकीचे माना डोलावणार.

अडचणी येतील. प्रत्येक शाखेची नियामक संस्था वेगळी, वेळापत्रक वेगळे, परीक्षा वेगळ्या. फिजिओथेरपीसारख्या शाखांसाठी २०२१ मध्ये आणखी एका राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. पण दोन दिवसांना कोणाच्या परवानगीची एवढी गरज पडू नये. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर १९९८ मध्ये स्थापन झाले तेच या सगळ्या शाखांना एका छताखाली आणण्यासाठी. संलग्न महाविद्यालयांच्या बाबतीत त्याने पुढाकार घ्यावा. मृतदेहांची टंचाई हे कारण खरे आहे. १९४९ च्या शरीररचना कायद्याने बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देण्याची सोय केली. पण भरवसा ठेवावा असे साधन म्हणजे देहदान. ज्यांच्या मनात तो विचार असेल त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरावा आणि मुख्य म्हणजे घरच्यांना सांगून ठेवावे. फोन त्यांनाच करायचा असतो.

पाचवा वर्ग कारखान्यात भरतो, आणि तो भरवायला विद्यापीठ लागत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस असा दंडक घातला होता. त्या माणसाला एवढे ठाऊक हवे: तुटून वेगळे झालेले बोट कितीही चेचलेले दिसले तरी फेकायचे नाही. स्वच्छ ओलसर फडक्यात किंवा गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, पिशवीचे तोंड घट्ट बांधायचे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवायचे नाही. बोटात स्नायू नसल्यामुळे ते रक्ताविना बराच काळ तग धरते. नीट थंड ठेवले तर साधारण एक दिवस, तसेच ठेवले तर जेमतेम अर्धा दिवस. हात मनगटाच्या वर तुटला तर मात्र स्नायू आले, आणि मग उघड्यावर सहा तासही फार होतात. चाकणच्या चौकातली वाहतूक लक्षात घेता हे अंक पेटीच्या झाकणावर चिकटवून ठेवावेत. चेचलेले प्रत्येक बोट जोडता येईलच असे नाही, पण तो निर्णय सर्जनचा.

आणि कंडरा जोडून घरी निघालेल्या रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने दारातून बाहेर पडण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात. पहिला व्यायाम कोणत्या तारखेला, आणि तो कोण दाखवणार? दोन्ही उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.