यंत्र आलं, राबणं गेलं का?

आमच्या महिला मंडळात डिशवॉशरचा विषय निघाला, की लगेच दोन तट पडतात. एकीचं म्हणणं, ‘आपली तेलकट कढई त्या यंत्राला काय कळणार?’ दुसरीचं, ‘बायकांना आळशी करायचे धंदे सगळे!’ मला वाटतं, नावं ठेवण्याआधी ते यंत्र काम कसं करतं, हे तरी समजून घ्यावं.

गंमत म्हणजे, हे यंत्र एका बाईनंच घडवलं. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी 1886 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. घासणीऐवजी पाण्याचा जोरदार मारा, ही त्यांची युक्ती आजही कायम आहे. आजच्या यंत्रात तळाशी थोडं पाणी भरतं, हीटर ते तापवतो आणि पंप ते फिरत्या पात्यांमधून भांड्यांवर मारतो. तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरलं जातं. म्हणून नव्या यंत्रांना एका खेपेला साधारण दहा-पंधरा लिटर पाणी पुरतं. नळ सोडून तेवढीच भांडी घासली, तर कितीतरी जास्त पाणी मोरीत जातं.

पण ही बचत आपल्या वापरावर आहे. कित्येक जणी आधी भांडी नळाखाली धुतात आणि मग यंत्रात लावतात. मग यंत्र घेतलं कशाला? खरकटं निपटून काढलं, की पुरे. करपलेलं पातेलं तेवढं भिजत घालावं. वाट्या, कढई पालथ्या ठेवाव्यात, ताटांमध्ये फट ठेवावी, पातं कुठं अडत नाही ना, हे हातानं फिरवून बघावं. यंत्र पूर्ण भरल्याशिवाय लावू नये. वीज मुख्यतः पाणी तापवायलाच लागते. त्यामुळे ‘इको’ला वेळ जास्त लागतो, पण वीज कमी. बोअरचं जड पाणी असेल, तर डिशवॉशरचं खास मीठ हवंच, नाहीतर भांड्यांवर पांढरे डाग राहतात. नेहमीचा भांड्यांचा साबण घालू नये, फेसच फेस होतो. तळाची जाळी वरचेवर धुवावी. तांबं-पितळ, ॲल्युमिनियम, लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट-लाटणं मात्र हातानंच घासावं.

अर्थात, जिथं वीज आणि पाणी दोन्ही बेभरवशाचं, तिथं यंत्राचा हट्ट नकोच. आणि धुण्याभांड्यांवर जिचं घर चालतं, त्या मावशींना ‘उद्यापासून येऊ नका’ असं एका दिवसात सांगणं मला पटत नाही. त्यांना घरातलं दुसरं काम द्यावं, निदान दुसरीकडे काम मिळेपर्यंत वेळ द्यावा.

आता मुद्द्याचं बोलते. यंत्र भरायचं, रिकामं करायचं, जाळी धुवायची, मीठ संपलं का बघायचं, हे सगळं पुन्हा बाईनंच करायचं असेल, तर घासणी जाऊन बटण आलं, एवढाच काय तो फरक! बटणाला बाई-पुरुष कळत नाही, मैत्रिणींनो. ज्यानं जेवलं, त्यानं आपल्या ताटातलं खरकटं काढून ताट जागेवर लावायचं, एवढा एकच नियम घरात करून बघा. मुलालाही लागू, त्याच्या बाबांनाही लागू. आणि हा नियम लावायला यंत्र घरात असलंच पाहिजे, असंही नाही.