निवडीचा हक्क आणि निवडीचे ओझे

एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असणे, एवढेच डाउन सिंड्रोमचे शास्त्रीय वर्णन. परंतु गर्भजल परीक्षेच्या अहवालातून हे एक वाक्य जेव्हा एखाद्या दांपत्याच्या हाती पडते, तेव्हा त्या घरातील सारे हिशेब बदलतात. निर्णयासाठी दिवस थोडे असतात आणि सल्ला देणारे फार.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने वीस आठवड्यांची मर्यादा घातली होती. हा कायदा ज्या समितीच्या शिफारशींवर आधारला होता, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचेच मंत्री शांतिलाल शहा होते. गर्भातील व्यंग आधी कळण्याची साधने तेव्हा फारशी नव्हती. पुढे ती आली. पण गर्भजल परीक्षा साधारणतः पंधराव्या-सोळाव्या आठवड्यापासून पुढे होते आणि अहवालास आणखी दोन-तीन आठवडे लागू शकतात. ज्ञान हाती येईतो कायद्याचे दार बंद होऊ लागे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका ३७ वर्षांच्या स्त्रीस, गर्भाला डाउन सिंड्रोम असल्याचे निदान होऊनही, सव्विसाव्या आठवड्यात परवानगी नाकारली. मातेच्या जिवास धोका नाही, हे वैद्यकीय मंडळाचे मत त्यात महत्त्वाचे ठरले. २०२१ च्या दुरुस्तीने, वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास, आठवड्यांची मर्यादा दूर केली. जानेवारी २०२३ मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाने तेहतिसाव्या आठवड्यातील एका वेगळ्या व्यंगाच्या प्रकरणात, निवडीचा हक्क स्त्रीचा आहे, मंडळाचा नव्हे, असा निर्वाळा दिला.

हे योग्यच झाले. तथापि अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास एक गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. दोन्ही पर्याय पेलण्याजोगे असतील तरच निवड खरी. लालबागच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या, दोघांच्या पगारावर घर चालविणाऱ्या कारकुनाने अशा मुलाचे स्वागत करायचे ठरविले, तर बहुधा आईलाच नोकरी सोडावी लागते. या त्यागाची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही कोष्टकात होत नाही. आणि आईबापांना रात्री जागविणारा प्रश्न वेगळाच असतो: आपल्या मागे याचे कोण?

'समाजाचा खर्च वाचतो' म्हणून गर्भपाताचा आग्रह धरणारे येथे चुकतात. माणसाचे मोल जमाखर्चाने ठरत नाही. गर्भपात करणाऱ्या मातेला पापाची भीती घालणारेही चुकतात. कारण त्यांतील एकही जण पुढील चाळीस वर्षांचा भार उचलावयास येत नाही.

परळहून फार दूर नसलेल्या शिवडीत याच प्रश्नाचे एक उत्तर उभे आहे. वकील दांपत्याच्या जय या कन्येला डाउन सिंड्रोम होता. तिच्यासाठी १९४४ साली त्यांनी आरंभिलेल्या शाळेने पुढे असंख्य मुलांना आधार दिला. एका घराचे दुःख सार्वजनिक संस्थेत परिणत झाले, हे थोरच. पण प्रत्येक पालकाने संस्थापक व्हावे, अशी अपेक्षा समाजाला धरता येणार नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची तरतूद केली; त्याखालील 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. आरंभ म्हणून हे ठीक. आयुष्यभराचा आधार म्हणून तुटपुंजे.

म्हणून चाचणी करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात, अहवाल हाती देताना, तो मातृभाषेत समजावून सांगणारा, कोणत्याही बाजूला न ढकलणारा समुपदेशक असावा. अशी मुले वाढविणाऱ्या पालकांची भेट, इच्छा असल्यास, घडवून द्यावी. आणि पालकांच्या पश्चात निवाऱ्याची हमी शासनाने घ्यावी. यानंतर दांपत्य जो निर्णय घेईल, तो निमूटपणे मान्य करणे एवढेच शेजाऱ्यांचे व नातेवाइकांचे कर्तव्य उरते.

निर्णय आईबापांचा, तो मोकळ्या मनाने घेता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे मात्र आपणा सर्वांचे काम आहे. पहिली गोष्ट कायद्याने दिली. दुसरी अद्याप आपण दिलेली नाही.