काचपेटीतील उष्णतेचा बंदोबस्त

विनोबांचे जन्मग्राम असलेल्या गागोदे बुद्रुकसारख्या कोकणी गावी, जिथे वैशाखात कौले तापतात आणि आषाढात भिंतींना ओल सुटते, तिथे एखाद्या हौशी गृहस्थाने लाल कानपट्टीचे अमेरिकी कासव पाळले, तर शीतप्रदेशांतील सल्ला शब्दशः अमलात आणून त्याच्या काचपेटीवर अष्टौप्रहर दिवा जाळणे हे माझ्या मते भूतदयेचे नव्हे, अविचाराचे लक्षण होय. (देशी तारा कासव तर पाळूच नये; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची त्यास सक्त मनाई आहे.)

सरपटणारा प्राणी ऊन आणि सावली यांत येरझारा घालून देहाची उष्णता राखतो. म्हणून पेटीच्या एका टोकास, पाण्याबाहेरील कोरड्या दगडावर, दिवसा सुमारे 32 अंश सेल्सियस ऊब आणि दुसऱ्या टोकास गारवा अशी तजवीज हवी. दिवा जाळीबाहेर पक्का टांगावा, त्यास थर्मोस्टॅट जोडावा, आणि वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटात न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडते. विजेवर तापणारे कृत्रिम दगड मात्र घरात आणूच नयेत. पोटाखालचा दाह या प्राण्यांस पुष्कळदा वेळीच उमगत नाही आणि कातडी भाजेपर्यंत ते तिथेच बसून राहतात.

पावसाळ्यात वीज गेली आणि गारठा वाढला, तर हवेला वाट ठेवून पेटीवर कांबळे घालावे. पण त्याआधी दिव्याचे बटण बंद करावे, नाहीतर वीज परतताच कांबळेच पेटायचे.